पणजूची रविवारची गिऱ्हाइकं

आजोबा जाऊन तीन महिने झाले आणि घरातल्या तीन पोरांच्या डोक्यावर तीन महिन्यांचं रान माजलं.

आता घरात सलून नसतं तर गोष्ट वेगळी. पण खाली सलून, वर घर. सलूनमध्ये दोन खुर्च्या, सहा कात्र्या, कात्री धरणारे दोन जण, आणि घरचीच पोरं अशी फिरतात की शाळेतून चिठ्ठी आली, 'मुलांचे केस कापून पाठवावे.' ती चिठ्ठी सलून चालवणाऱ्या अप्पांनी रागारागात आरशाच्या फटीत खोचली आणि काढायची विसरले. मग येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गालाला फेस लागेपर्यंत ती वाचून काढायचं आणि गालातल्या गालात हसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पोरं तिन्ही अप्पांच्या थोरल्या मुलाची. तो बस चालवायचा, त्याला कात्रीशी देणंघेणं नव्हतं. मोठी वकील. आठ वर्षांची. 'जेवायला ये' म्हटलं की 'का' विचारायची, आणि कारण सांगितलं की त्या कारणाचं कारण विचारायची. मधला भोपळा, सहा वर्षांचा, डोकं बघून कुणीही नाव ओळखावं असा. धाकटी चिमटा. चार वर्षांची, आणि तिला उचलून घेणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या दंडावर तिची सही असायची.

आणि त्यांची आत्या ठिणगी. एकोणीस वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक म्हणालं, 'जरा बारीक करा, पण जरा मोठेच ठेवा,' की ही कात्री खाली ठेवून म्हणायची, "काका, तुम्ही घरी जाऊन ठरवून या." पण नजर मात्र घारीची. दारातून शिरणाऱ्या माणसाचं डोकं बघून सांगायची, मागच्या वेळी कुणी कापलेत, घाईत कापलेत का, आणि कापणारा डावखुरा होता का. "माझ्या नजरेतून एक केस सुटत नाही," हे तिचं पेटंट वाक्य. आजोबा त्यावर म्हणायचे, "केस नाही ग सुटत. त्याच्याखालचं डोकं सुटतं." ठिणगीला वाटायचं, म्हातारा उगाच काहीतरी बोलतो.

चौदाव्या वर्षापासून ती त्यांच्या हाताखाली शिकली होती, पण स्वतःची खुर्ची नव्हती तिला. दाराजवळची खुर्ची अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची. खिडकीजवळची आजोबांची. आजोबा गेल्यावर ती खुर्ची आपली, असं ठिणगीनं मनाशी धरूनच ठेवलेलं. अप्पांच्या मनात वेगळंच.

"उद्या सकाळी नवा कारागीर येतोय," रविवारी सकाळी चहा पिताना अप्पा म्हणाले. "खिडकीजवळ बसवतो त्याला."

"आणि मी?"

"तुझा हात चांगला आहे. तोंड वाईट आहे. गिऱ्हाईक एकदा येतं, केस बघून खूश होतं, आणि तुझं बोलणं आठवून परत येत नाही."

"आजोबा मलाच म्हणाले होते."

"बाबा सगळ्यांनाच सगळं म्हणायचे. या घराचा नियम माहीत आहे ना तुला?"

नियम तिला माहीत होता. आजोबांच्या वडिलांनी घातलेला. ज्याच्या हाताखालून घरातलं पोर न रडता उठेल, त्यालाच खुर्ची. परक्याचं पोर लाजेकाजेनं गप्प बसतं, घरचं पोर कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून परीक्षा घरच्याच पोराची. अप्पांनीसुद्धा आपल्या धाकट्या भावाचं डोकं भादरून खुर्ची मिळवली होती. तो भाऊ अजून सांगतो की मी रडलो होतो, पण कुणी ऐकत नाही.

"दुपारपर्यंत वेळ आहे," अप्पा म्हणाले. "तिघांची डोकी माणसात आण. एकही रडता कामा नये. जमलं तर त्या कारागिराला मी स्वतः फोन करून नको म्हणतो."

ठिणगीनं चहाचा कप तसाच ठेवला आणि पोरांना गोळा करायला गेली.

तीन महिन्यांत हे जमलं नव्हतं बरं का. अप्पांनी एकदा प्रयत्न केला, तर भोपळा कपड्याखालून सरपटत निघून रस्त्याच्या टोकापर्यंत पळाला, गळ्यातला कपडा झेंड्यासारखा फडकवत. पोरांच्या बापानं एकदा चिमटाला मांडीवर घट्ट धरलं, तर तिनं अशी किंकाळी फोडली की समोरचा औषधवाला गल्ला उघडा टाकून धावत आला. वकिलीणबाईंना तर हातच लावता आला नाही.

आणि आजोबांच्या वेळी? आजोबांच्या वेळी हीच पोरं रविवारची वाट बघायची. सलून रविवारी दुपारी उघडायचं. सकाळ पणजूची. पोरं आपल्या या पणजोबांना पणजू म्हणायची. शेवटची दोन वर्षं आजोबांनी मोठ्यांची डोकी सोडूनच दिली होती. "मोठ्यांची डोकी आता कंटाळवाणी झालीत," म्हणायचे. "बाहेरूनही आणि आतूनही." फक्त ही तीन गिऱ्हाइकं, महिन्यातून एकदा. बाकीच्या रविवारी नुसत्या गप्पा. दार अर्धं ओढलेलं, आतून कडी, आणि मोठ्यांना सक्त मनाई. वर घरात आवाज यायचे. "डावीकडे घे, पणजू. अजून. अजून. ब्रेक." आणि मग चौघांचं खिदळणं. सगळ्यांना वाटायचं, बसचा खेळ चाललाय. बाप ड्रायव्हर, पोरं दुसरं काय खेळणार.

त्यांच्या टकलावर पोरं पावडर थापायची. भोपळ्यानं विचारलं होतं, "पणजू, तुझे केस कुठे गेले?" तर म्हणाले, "मीच कापले रे. थांबायचं विसरलो." तेव्हापासून भोपळा दर वेळी खुर्चीत बसताना आधी आठवण करायचा, "थांबायचं विसरू नको हां." वकील रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी बसून पेपर मोठ्यानं वाचायची, जाहिरातींसकट. पोरांची आई कौतुकानं सांगायची, बघा कसं वाचायला शिकवतात पोरीला. आणि चिमटा त्यांचं बोट धरून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची. सकाळ-संध्याकाळ, नेमानं.

तर अशी ती पोरं, आणि अशी ही आत्या.

पहिली वकील. लहान पोरांसाठी खुर्चीच्या हातांवर टाकतात त्या फळीची गरज नव्हती, ती आता खुर्चीत पुरायची. ठिणगीनं कपडा बांधला, पाणी फवारलं, कंगवा लावला, आणि मान फिरली.

"हलू नकोस."

"का?"

"कान कापला जाईल."

"नाही जाणार. तू बघशील ना."

"बघीन, पण तू हललीस तर..."

"मग तू पण हल. मी हलले की तू हल. तुला डोळे आहेत ना?"

ठिणगीचा पारा चढला. "आजोबांसमोर बरी पुतळ्यासारखी बसायचीस."

"ते वेगळं होतं," वकील म्हणाली, आणि कपडा सोडून खाली उतरली. आरोपी स्वतःच सुटला, न्यायाधीश बघत राहिला.

भोपळ्याला बिस्किटाचं आमिष दाखवलं. त्यानं बिस्किटं खाल्ली, उरलेली दोन्ही खिशांत भरली, आणि पहिल्या कात्रीच्या आवाजाला डोकं असं खाली घेतलं की कासवानं शिकावं. ठिणगीनं वर ओढलं, त्यानं परत आत घेतलं. वर, आत, वर, आत. चिमटा तर पळून अप्पांच्या खुर्चीमागे दडली होती आणि तिथून नुसता हात बाहेर काढून हवेत चिमटे घेत होती, सराव म्हणून.

साडेदहा वाजले. अजून एक केस जमिनीवर पडला नव्हता.

मग ठिणगी ओरडली. म्हणजे असं ओरडली की आरशातली चिठ्ठी हलली. "माकडांनो, माझी खुर्ची जातेय. कळतंय का? उद्या कुणीतरी परका माणूस येऊन इथे बसेल, आजोबांच्या जागेवर, आणि तुम्ही त्याच्यासमोर गुपचूप बसाल, कारण तो परका. माझ्यासमोरच यांना नाचायचंय. आजोबांचा लाड आणि माझा छळ. काय होतं त्यांच्यात, जे माझ्यात नाही?"

भोपळ्याचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा ठिणगीला आठवलं की रडणं नियमात बसत नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. बरं. रडू नकोस. नुसतं सांग."

"पणजूला दिसत नव्हतं ना," भोपळा म्हणाला. "मग कसं हलणार?"

वकिलीनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की खिशातली बिस्किटं मोडली. "मूर्खा. शपथ होती."

"कसली शपथ?" ठिणगी म्हणाली. "कुणाला दिसत नव्हतं?"

वकिलीनं तोंडावर हात ठेवला, तो बघून भोपळ्यानं ठेवला, आणि चिमटानं खुर्चीमागून येऊन दोन्ही हातांनी भोपळ्याचं तोंड दाबलं, जास्त खात्री म्हणून.

ठिणगी जमिनीवर बसली.

"आता तो बोललाच आहे," ती वकिलीला म्हणाली. "अर्धवट सांगितलेली गोष्ट खोटी असते, तूच म्हणतेस."

स्वतःचंच वाक्य विरोधात आलं की मोठे मोठे वकील गडबडतात. "थोडं दिसायचं," ती शेवटी म्हणाली. "उजेड दिसायचा. खिडकी कुठे आहे ते दिसायचं. आमची तोंडं नाही दिसायची. हात लावून ओळखायचा. त्यानं सांगितलं, हे कुणाला कळलं तर अप्पा कात्री काढून घेतील. मग मी म्हटलं, मी बघते. मी बाजूला उभी राहायची आणि सांगायची, डावीकडे, अजून, थांब."

"ब्रेक," भोपळा म्हणाला.

"ब्रेक हे यानं काढलं. आणि जो बसला असेल त्यानं हलायचं नाही. हलला तर पणजूकडून लागलं असतं, आणि मग पणजूला किती वाईट वाटलं असतं. तुला दिसतं, आत्या. मग आम्ही कशाला पुतळा व्हायचं? ते तुझं काम आहे."

ठिणगीच्या डोक्यात दोन वर्षं उलटी फिरायला लागली. पेपर. वाचायला शिकवत नव्हते, ऐकत होते. कोपऱ्यापर्यंतची फेरी. आजोबा चिमटाला बोटाला धरून फिरवतात असं सगळी गल्ली म्हणायची, आणि चार वर्षांची पोरगी चौऱ्याऐंशीच्या म्हाताऱ्याला खड्डे चुकवत घरी आणत होती. आणि ही, हिच्या नजरेतून केस सुटत नाही, ही चार हात अंतरावर उभी राहून गिऱ्हाइकांना तुरटी लावत होती. ठिणगीला आयुष्यात पहिल्यांदा राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मग तिला हसू आलं. मग डोळे पुसावे लागले, तर चिमटानं विचारलं, "आत्या रडली. आता खुर्ची कुणाची?"

"हा नियम पोरांना आहे," ठिणगी म्हणाली आणि उठली. खुंटीवरचा धुतलेला टॉवेल काढला, घडी केली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. "बस रे भोपळ्या. कसं करायचे ते बघायचंय मला."

"बघणार कसं, डोळे बांधून?" वकील म्हणाली.

"तोंड बंद. म्हणजे उघड. सांग कुठे जायचं ते."

आता तुम्ही म्हणाल, पोरगी वेडी आहे. आहे थोडी. पण आजोबांनी तिला पहिल्या दिवसापासून एक शिकवलं होतं. डावी दोन बोटं केसात सपाट घालायची, बोटांवर जेवढे केस येतील तेवढेच कापायचे, बोटांखाली कात्री न्यायचीच नाही. 'बोटाला विचारून काप.' कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कायम स्वतःची बोटं. पहिल्या वर्षी तिनं स्वतःची बोटं इतक्या वेळा कापून घेतली होती की तुरटी गिऱ्हाइकांपेक्षा तिलाच जास्त लागायची.

भोपळा बसला. आणि खरंच, दगडासारखा बसला. श्वास घेतो की नाही अशी शंका यावी.

"थांबायचं विसरू नको हां," तो पुटपुटला.

"वर," वकील म्हणाली. "अजून वर. उजवीकडे. तिथे कान आहे. कान सोडून. आता काप."

कर्र. पहिली बट खाली पडली. ठिणगीच्या बोटाखाली त्या पोराचं डोकं गरम होतं. मागे एक छोटा खळगा होता, दोन भोवरे होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, तिला आजवर एकच माहीत होता. मानेजवळ जुन्या जखमेची खूण होती, पाळण्यातून पडला होता तेव्हाची. हे डोकं ती सहा वर्षं बघत होती.

"डावीकडे. डावीकडे. अजून," वकील सांगत होती. मग मध्येच थांबली. मग परत म्हणाली, "अजून," पण आवाज जरा वर चढला होता. "आता... आता ब्रेक."

"ब्रेक कशाला? हा भाग राहिलाय."

"बरं मग, काप."

ठिणगीनं कापलं. मागच्या बाजूला कुणीतरी घसा खाकरला नाही, पण खाकरायच्या बेतात असल्यासारखा श्वास घेतला.

अप्पा दारात उभे होते. किती वेळ, देव जाणे. ज्याचं आयुष्य कात्रीत गेलं त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, कात्री केसात असताना ओरडायचं नाही. म्हणून ते गप्प होते. चेहरा मात्र असा की दाढी करायला बसवलं असतं तर फेस उकळला असता.

ठिणगीनं शेवटची बट कापली, बोटांनी दोन्ही कल्ले चाचपले आणि टॉवेल काढला. अप्पा दिसले.

"झालं?" अप्पा म्हणाले. अगदी हळू.

"झालं."

"टॉवेल कशाला?"

आता ठिणगीनं एक वाक्य बोलायचं होतं. आजोबा असंच कापायचे, अप्पा, तुमच्या नाकाखाली, दोन वर्षं. एवढं एक वाक्य, आणि ती सुटली असती. वाक्य जिभेच्या टोकावर होतं. तिनं पोरांकडे पाहिलं. वकील जमिनीकडे बघत होती. चिमटानं स्वतःच्याच दंडाला चिमटा घेऊन धरला होता.

"सांगणार नाही," ठिणगी म्हणाली.

"सांगणार नाहीस?"

"नाही."

अप्पांनी वाट पाहिली. आता ही उसळेल, मग आपण उसळू, हा या घरातला नेहमीचा क्रम. पण ठिणगी उसळलीच नाही. नुसती उभी राहिली, हातात कात्री घेऊन.

"उद्या तो माणूस येतोय," अप्पा म्हणाले. "असल्या सर्कशीला मी खुर्ची देणार नाही."

"ऑब्जेक्शन," वकील म्हणाली. "भोपळा रडला का?"

"तू मध्ये पडू नकोस."

"रडला का? अप्पा, नियम काय आहे? न रडता उठला तर खुर्ची. नियमात डोळ्यांचं कुठे आहे?"

"नियमात डोळ्यांचं नाही, कारण ज्यानं नियम केला त्याला वाटलं नसेल की या घरात इतकी गाढवं जन्माला येतील."

"म्हणजे नाही ना?"

अप्पांनी भोपळ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे फिरवलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. भोपळा अजूनही पुतळाच होता, कुणी त्याला उठ म्हटलं नव्हतं. अप्पांनी त्याला खाली उतरवलं. मग खुर्चीवर आडवी फळी टाकली, चिमटाला काखेतून उचललं आणि फळीवर ठेवलं. चिमटानं लगेच त्यांच्या दंडावर सही केली.

"ही बघ," अप्पा दंड चोळत ठिणगीला म्हणाले. "हिचं कर. डोळे उघडे ठेवून. माझ्यासमोर. रडली तर संपलं."

ठिणगीनं कपडा बांधला. चिमटा आरशात तिच्याकडे बघत होती.

"आत्या, तुला दिसतंय?"

"दिसतंय."

"सगळं?"

"सगळं नाही. तुझं डोकं दिसतंय."

"मग मी हलू?"

'हलू नकोस' हे शब्द ठिणगीच्या तोंडात पाच वर्षं तयार होते. गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा म्हणायची ती. तिनं ते गिळले.

"हल," ती म्हणाली.

चिमटा हलली. आधी थोडी, खरंच चालतं का ते बघायला. मग डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, मग फळीवर बसल्या बसल्या घड्याळाच्या लंबकासारखी डुलायला लागली. ठिणगीनं दोन बोटं केसात घातली आणि ती डोक्याबरोबर जाऊ दिली. डोकं गेलं, हात गेला. डोकं परत आलं, हात परत आला. वळणावर चिमटा क्षणभर थांबायची, तेवढ्यात कर्र. पहिल्यांदा वाकडं गेलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा चिमटालाच कळलं की वळणावर कर्र होतं, आणि ती वळणावर मुद्दाम थांबायला लागली, आवाज ऐकायला.

"परत," ती म्हणाली.

"डुल मग."

भोपळा हसायला लागला. वकील हातांची घडी घालून उभी होती. "बघ, मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुझं काम आहे."

"तुझा नंबर पुढचा आहे," ठिणगी म्हणाली. "तू काय करणार ते ठरवून ठेव."

"मी प्रश्न विचारणार."

"विचार. पण हनुवटी खाली ठेवून."

अप्पा दारापाशी गेले. खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, नंबर शोधायला बराच वेळ लावला. आत वळून परत एकदा पाहिलं. चिमटा डुलत होती, ठिणगी तिच्याबरोबर डुलत होती, दोघींची जीभ सारखीच तोंडाबाहेर आलेली.

"हां, नमस्कार," अप्पा फोनवर म्हणाले. "उद्याचं राहू द्या. नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. खुर्ची भरली." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "तोंडाचं बघू."

"ऐकू येतंय मला," ठिणगी मान न वळवता म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय," अप्पा म्हणाले आणि केर काढायला झाडू शोधायला लागले.